आजार फुप्फुसाचा, मग रक्त का गोठते?

२०२०च्या मार्च महिन्यात फ्रान्समधल्या अतिदक्षता विभागांत एक वेगळीच अडचण उभी राहिली. कोव्हिडच्या ज्या रुग्णांची मूत्रपिंडे काम करेनाशी झाली होती, त्यांना सतत चालणाऱ्या डायलिसिसवर घेतले की यंत्राचा फिल्टर गुठळ्यांनी तुंबायचा. नवा लावावा, तर तोही तुंबायचा. दोन रुग्णालयांच्या चार अतिदक्षता विभागांतल्या १५० रुग्णांची माहिती पुढे प्रसिद्ध झाली. त्यात अशा डायलिसिसवर असलेल्या २९ जणांपैकी २८ जणांच्या यंत्रात रक्त गोठले होते. गुठळ्या होऊ नयेत म्हणून रुग्णांना औषधे चालू होती, तरीही.

तोवर कोव्हिड म्हणजे न्यूमोनिया, एवढीच समजूत होती. विषाणू नाका-घशातून शिरतो, फुप्फुसात उतरतो, खोकला येतो, दम लागतो. रक्त गोठण्याचा या सगळ्याशी संबंध काय? संबंध होता, आणि तो एखाद्या दुष्परिणामापुरता नव्हता. ज्यांचा आजार बळावला, त्यांच्यातल्या अनेकांच्या फुप्फुसात चाललेल्या बिघाडाचा रक्त गोठणे हा एक गाभाच होता. एक वर्षानंतर हीच गोष्ट 'डी-डायमर' या रक्तचाचणीच्या नावाने महाराष्ट्रातल्या घराघरात पोहोचली, पण अर्धवट. उरलेला अर्धा भाग समजून घ्यायचा, तर आधी रक्त मुळात गोठते कसे ते पाहावे लागेल.

रक्त एरवी का गोठत नाही

खरा प्रश्न तोच आहे. गोठण्याचे सगळे साहित्य रक्तात चोवीस तास हजर असते. एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन विरघळलेल्या रूपात फिरत असते. शिवाय रोमन आकड्यांनी ओळखले जाणारे गोठण-घटक आपापल्या जागी निष्क्रिय पडून असतात. (ही यादी तेरापर्यंत जाते, पण त्यात सहावा घटकच नाही. आधी त्याला क्रमांक दिला, मग तो वेगळा घटक नाही असे निघाले, आणि जागा रिकामीच राहिली.)

एवढे असूनही रक्त वाहते राहते, याचे मोठे श्रेय रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला जाते. हे अस्तर एकाच पेशीच्या जाडीचे असते, पण ते नुसते वेष्टन नव्हे. त्या पेशी नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडतात, त्यामुळे प्लेटलेट त्यांना चिकटत नाहीत. गोठण्याची क्रिया चुकून सुरू झालीच, तर ती थोपवणारी प्रथिनेही याच पेशींच्या पृष्ठभागावर असतात.

भाजी चिरताना बोट कापले की हे अस्तर फाटते आणि त्याखालचे कोलॅजेन उघडे पडते. फॉन विलेब्रँड घटक नावाचे एक लांबलचक, दोऱ्यासारखे प्रथिन त्याला चिकटते आणि वाहत्या रक्तातल्या प्लेटलेट अडवू लागते. त्याच वेळी रक्तवाहिनीबाहेरच्या पेशींवरचा 'टिश्यू फॅक्टर' रक्ताच्या संपर्कात येतो. एरवी रक्ताला तो दिसतच नाही. तो दिसला की एका घटकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला जागे करायचे अशी मालिका सुरू होते. शेवटी थ्रॉम्बिन तयार होते आणि ते फायब्रिनोजेनचे फायब्रिनच्या धाग्यांमध्ये रूपांतर करते. तेरावा घटक हे धागे एकमेकांना पक्के जोडतो. झाली गुठळी.

जखम भरत आली की प्लाझमिन नावाचे विकर ते धागे तोडायला लागते. धागे तुटल्यावर जे तुकडे रक्तात फिरतात, त्यातला एक म्हणजे डी-डायमर. इमारत पाडल्यावर रस्त्याकडेला पडलेला राडारोडा पाहावा, तसे हे आहे. आसपास काहीतरी बांधले गेले होते आणि ते पाडले जातेय, एवढे त्यावरून नक्की कळते. ते कुठे होते, केवढे होते आणि कोणी बांधले, हे त्या ढिगावरून कळत नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

गुठळी नको तिथे का होते, याची तीन कारणे एकोणिसाव्या शतकात जर्मन वैद्यकतज्ज्ञ रुडॉल्फ फिरखो यांच्या कामातून पुढे आली: रक्ताचा प्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा होणे, आणि रक्ताचाच कल गोठण्याकडे झुकणे. यातले एक कारणही पुरते. गंभीर कोव्हिडमध्ये तिन्ही एकत्र येतात. रुग्ण कित्येक दिवस अंथरुणाला खिळलेला असतो, अस्तर सुजलेले असते आणि रक्तातली रसायने पार बदललेली असतात. पहिले कारण कुठल्याही मोठ्या आजारात असतेच. खरी गोष्ट उरलेल्या दोन कारणांत आहे.

शरीर मुद्दाम गुठळी करते

रक्त गोठणे म्हणजे रक्तस्राव थांबवणे, असे आपण शाळेत शिकलो. ते खरे आहे, पण पुरते नाही. जंतूला पसरू न देणे, हेही गोठण्याचे फार जुने काम आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या हॉर्सशू क्रॅब या प्राण्याचे उदाहरण घ्या. त्याच्या रक्ताला काही जिवाणूंच्या विषाचा नुसता स्पर्श झाला, तरी ते जागच्या जागी घट्ट होते आणि जंतू तिथेच अडकून पडतो. या गुणामुळेच त्याच्या जातभाईंच्या रक्तापासून केलेली चाचणी इंजेक्शने आणि लशी निर्मळ आहेत की नाहीत, हे तपासायला जगभर वापरली जाते.

माणसातही या जुन्या युक्तीचा अंश टिकून आहे. सूज आणि गोठणे यांची ही जोडी शास्त्रज्ञांनी २०१३ साली 'इम्युनोथ्रॉम्बोसिस' या नावाने मांडली. प्रतिकारशक्तीने घडवून आणलेली गुठळी, असा तिचा साधा अर्थ. लहान प्रमाणात ती उपयोगाची असते. जंतू एका ठिकाणी कोंडला जातो, पांढऱ्या पेशी तिथे जमतात, काम उरकते, गुठळी विरघळते. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

कोव्हिड बळावतो तेव्हा हीच क्रिया आवरेनाशी होते. ती तीन-चार बाजूंनी एकदम पेटते. मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी चेकाळून स्वतःच्याच अंगावर टिश्यू फॅक्टर मिरवू लागतात, म्हणजे रक्तवाहिनी कुठेही न फाटता गोठण्याची मालिका सुरू होते. न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी आपला डीएनएच धाग्यांच्या रूपात बाहेर फेकतात. २००४ साली बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी हा प्रकार प्रथम टिपला. जंतू अडकावा म्हणून पसरलेल्या त्या धाग्यांवर प्लेटलेट आणि तांबड्या पेशीही अडकतात आणि गुठळीला आयता सांगाडा मिळतो. इंटरल्यूकिन-६सारखे संदेशवाहक यकृताला कामाला लावतात आणि यकृत फायब्रिनोजेनचे उत्पादन वाढवते. याच संदेशामुळे सीआरपी हे सूज दाखवणारे प्रथिनही वाढते, त्यामुळे रिपोर्टात हे आकडे बऱ्याचदा जोडीने चढलेले दिसतात.

आणि मग अस्तर. जे अस्तर एरवी रक्ताला वाहते ठेवते, तेच सुजल्यावर पक्ष बदलते. त्याच्या पेशी साठवून ठेवलेला फॉन विलेब्रँड घटक रक्तात ओततात आणि गुठळी विरघळवणाऱ्या यंत्रणेला अडवणारे प्रथिनही सोडतात. म्हणजे गुठळ्या होण्याचा वेग वाढतो आणि विरघळण्याचा वेग त्याला पुरा पडत नाही.

हे सगळे नेमके फुप्फुसात घडावे, हे दुर्दैव. हृदयाची उजवी बाजू विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फुप्फुसात पाठवते, म्हणजे शरीरातले जवळजवळ सगळे रक्त दर मिनिटाला तिथून फिरून येते. वायुकोशांच्या भोवतीच्या केशवाहिन्या इतक्या अरुंद असतात की तांबड्या पेशींना एकामागून एक, अंग चोरून जावे लागते. अशा वाहिनीत एवढीशी गुठळीदेखील वाट बंद करते. मग वायुकोशात हवा येते, पण ती घ्यायला रक्त पोहोचत नाही. शेजारच्या भागात रक्त येते, तर तिथले वायुकोश पाण्याने भरलेले. ऑक्सिजनची ही दुहेरी चुकामूक बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर घसरत्या आकड्याच्या रूपाने दिसते.

जर्मनीतल्या एका गटाने २०२०च्या मे महिन्यात प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. त्यांनी कोव्हिडने दगावलेल्या सात जणांची फुप्फुसे, एच१एन१ फ्लूने दगावलेल्या सात जणांची जपून ठेवलेली फुप्फुसे आणि संसर्ग नसलेल्या दहा जणांची फुप्फुसे शेजारी शेजारी ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या फ्लूमध्येही होत्या, पण कोव्हिडमध्ये त्या नऊ पट होत्या. नमुना छोटा आहे, आणि ही सगळी दगावलेली माणसे होती हेही खरे. पण डायलिसिसचा फिल्टर तुंबणे आणि फुप्फुसातल्या केशवाहिन्या तुंबणे या एकाच गोष्टीच्या दोन बाजू असाव्यात, हे इथे पहिल्यांदा इतके स्पष्ट दिसले.

यामुळे जुन्या समजुतीतही एक भर पडली. फुप्फुसात गुठळी सापडली की डॉक्टर आधी पायाकडे पाहतात, कारण बहुतेक वेळा ती पोटरी-मांडीच्या खोल शिरेत होऊन तिथून सुटून वर आलेली असते. कोव्हिडमध्ये अनेक रुग्णांच्या पायात काहीच सापडत नव्हते. गुठळी फुप्फुसातच जन्मली होती.

आजार किती बळावणार, हे रक्त सांगते का?

वुहानमधले पहिले आकडे यायला लागले तेव्हाच याची चाहूल लागली होती. तिथल्या १९१ दाखल रुग्णांच्या अभ्यासात, दाखल होताना डी-डायमर एक मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असलेल्यांमध्ये मृत्यूची शक्यता कितीतरी जास्त आढळली. वय आणि प्रकृतीची तीव्रता यांचा हिशेब धरूनही हा फरक उरला. वुहानच्याच १८३ रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासात, दगावलेल्यांपैकी ७१ टक्के रुग्णांत रक्त गोठण्याची यंत्रणा सर्व अंगभर बिघडल्याचे निकष पूर्ण झाले होते. वाचलेल्यांत हे प्रमाण एक टक्काही नव्हते. नेदरलँड्समध्ये अतिदक्षता विभागातल्या १८४ रुग्णांपैकी ३१ टक्क्यांना गुठळीमुळे काही ना काही गंभीर त्रास झाला, आणि त्या सगळ्यांना गुठळीप्रतिबंधक डोस चालू होता.

इथे डेंग्यूची आठवण येणे साहजिक आहे, कारण 'प्लेटलेट किती?' हा प्रश्न आपल्याकडे दर पावसाळ्यात घरोघरी विचारला जातो. कोव्हिडचे चित्र त्याहून वेगळे आहे. डेंग्यूत प्लेटलेट धडाधड उतरतात आणि धास्ती रक्तस्रावाची असते. कोव्हिडमध्ये प्लेटलेट बहुधा नॉर्मल किंवा थोड्याच कमी असतात, फायब्रिनोजेन उलट वाढलेले असते, आणि धास्ती गुठळीची असते. मोठ्या जंतुसंसर्गात गोठण्याचे सगळे साहित्य वापरून संपते आणि मग रुग्णाला जागोजाग रक्तस्राव होऊ लागतो, ही अवस्था डॉक्टरांच्या ओळखीची होती. कोव्हिडमध्ये ती सुरुवातीला दिसत नाही, आली तर अगदी शेवटी. त्यामुळे पहिले काही आठवडे अनुभवी डॉक्टरही चक्रावले, यात नवल नाही.

आता तो राडारोडा. डी-डायमर वाढलेला म्हणजे आजार बळावण्याची शक्यता जास्त, हे गटाच्या पातळीवर खरे. पण डी-डायमर वयाबरोबर वाढतो, गरोदरपणात वाढतो, शस्त्रक्रियेनंतर, कर्करोगात, साध्या न्यूमोनियातही वाढतो. कोव्हिड येण्याच्या कितीतरी आधीपासून डॉक्टर ही चाचणी वापरत होते, ती मुख्यतः गुठळी नाही याची खात्री करण्यासाठी. लक्षणांवरून शंका कमी असेल आणि आकडाही कमी असेल, तर सीटी स्कॅन टाळता येतो. त्यासाठीही पन्नाशीनंतर मर्यादा वयानुसार वाढवतात: वयाला दहाने गुणायचे, म्हणजे सत्तर वर्षांच्या माणसासाठी मिलिलिटरमागे ५०० नॅनोग्रॅमऐवजी ७००. आकडा जास्त आला म्हणजे गुठळी आहेच, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता.

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये हे सगळे बाजूला पडले. दुसऱ्या लाटेत खाटा मिळत नव्हत्या, लोक घाबरलेले होते, आणि लॅबच्या पॅकेजमध्ये सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर एकत्र मिळत होते. ऑक्सिजन ९८, ताप उतरलेला, माणूस घरात चालतोय-फिरतोय, पण व्हॉट्सअॅपवर रिपोर्टाचा फोटो फिरतोय आणि 'डी-डायमर वाढलाय, पातळ व्हायच्या गोळ्या सुरू करा' असा सल्ला नात्यातलाच कुणीतरी देतोय. त्यात एककांचा घोळ वेगळाच. काही लॅब नॅनोग्रॅममध्ये आकडा देतात, काही मायक्रोग्रॅममध्ये. शिवाय मोजण्याच्या दोन पद्धती आहेत: एफईयू आणि डीडीयू. तेच रक्त एका पद्धतीत ५०० दाखवेल, तर दुसरीत साधारण २५०. आणि पहिल्या पद्धतीतले ५०० नॅनोग्रॅम मायक्रोग्रॅममध्ये लिहिले की ०.५ होतात. पुण्याच्या लॅबमधला आकडा नाशिकच्या लॅबमधल्या आकड्याशी ताडून पाहणाऱ्यांपैकी कितीजणांनी ही अक्षरे वाचली असतील, देव जाणे. मे महिन्याच्या सुरुवातीला दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांना पत्रकार परिषदेत सांगावे लागले, की सौम्य आजारात सीटी स्कॅन आणि अशा रक्तचाचण्या करून फायदा नाही.

मग औषध दिले की झाले?

तर्क सरळ दिसतो. गुठळ्यांनी माणूस दगावतोय ना, मग गुठळ्या रोखणारे औषध भरपूर द्या. पण वैद्यकात सरळ दिसणारे तर्क तपासून पाहावे लागतात, आणि या वेळी ते मोठ्या प्रमाणावर तपासले गेले, ही त्या दोन वर्षांतली खरोखर चांगली गोष्ट.

आधी एक खुलासा. ज्यांना आपण रक्त पातळ करणारी औषधे म्हणतो, ती झालेली गुठळी विरघळवत नाहीत. हेपॅरिन हे शरीरातल्याच अँटिथ्रॉम्बिन नावाच्या प्रथिनाला बळ देते आणि नवी गुठळी होण्याची किंवा आहे ती वाढण्याची क्रिया रोखते. विरघळवण्याचे काम शरीराच्या प्लाझमिनलाच करावे लागते. गुठळी विरघळवणारी इंजेक्शने वेगळी असतात. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा फुप्फुसातली मोठी गुठळी अशा आणीबाणीच्या वेळी ती वापरतात.

हेपॅरिनचा डोस दोन प्रकारे देता येतो. रुग्णालयात पडून असलेल्या माणसाला गुठळी होऊ नये म्हणून पोटावर टोचतात तो छोटा, प्रतिबंधक डोस. आणि गुठळी झालेल्या माणसाला देतात तो पूर्ण डोस. अनेक देशांतल्या तीन चाचण्यांनी हात मिळवून प्रश्न विचारला: कोव्हिडच्या रुग्णाला गुठळी सापडण्याआधीच पूर्ण डोस दिला तर? २०२१च्या ऑगस्टमध्ये आलेले उत्तर दोन तुकड्यांत होते, आणि दोन्ही तुकडे एकमेकांच्या विरुद्ध.

मध्यम आजार, म्हणजे रुग्णालयात दाखल, पण अतिदक्षता विभागातल्या आधाराची गरज अजून पडलेली नाही अशा सुमारे २,२०० रुग्णांत पूर्ण डोसचा फायदा दिसला. व्हेंटिलेटरसारखा आधार न लागता जिवंत घरी गेलेल्यांचे प्रमाण प्रतिबंधक डोसच्या गटात ७६.४ टक्के, तर पूर्ण डोसच्या गटात ८०.२ टक्के. मोठा रक्तस्राव ०.९ वरून १.९ टक्क्यांवर गेला. तरी एकूण हिशेब फायद्याचा होता.

अतिदक्षता विभागात पोहोचलेल्या सुमारे १,१०० रुग्णांत मात्र काहीच फायदा नाही. पूर्ण डोसवाल्यांपैकी ६२.७ टक्के जिवंत घरी गेले, नेहमीच्या डोसवाल्यांपैकी ६४.५ टक्के. वर मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण २.३ ऐवजी ३.८ टक्के.

ज्यांच्या अंगात गुठळ्या सर्वात जास्त, त्यांनाच गुठळीविरोधी औषध लागू पडू नये, हे पहिल्यांदा वाचताना उलटेच वाटते. पण वर पाहिलेली मालिका डोळ्यांपुढे आणली की ते पटते. अतिदक्षता विभागात पोहोचेपर्यंत केशवाहिन्या तुंबून झालेल्या असतात, वायुकोश सुजून गेलेले असतात, फुप्फुसाची रचनाच बदलू लागलेली असते. हेपॅरिन नव्या गुठळीला थोपवते. झालेले नुकसान ते परत फिरवू शकत नाही. आणि सुजलेली, कमकुवत झालेली रक्तवाहिनी रक्तस्रावालाही तेवढीच सहज बळी पडते. म्हणून त्या टप्प्यावर औषधाचा तोटा तेवढा पदरात पडतो.

याच कारणाने डेक्सामिथासोन हे स्वस्तातले जुने स्टिरॉइड तिथे जास्त उपयोगी ठरले. ते गुठळीला हातच लावत नाही, गुठळीमागच्या सुजेला लावते. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतला मृत्युदर त्याने ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आणला. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा फायदा झाला नाही. आपल्याकडे नेमक्या त्याच लोकांनी ते घरी बसून घेतले. मधुमेह, स्टिरॉइड आणि कोव्हिड यांच्या संगमावर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसची साथ आली, तो इतिहास ताजा आहे. त्यातही एक गुठळी दडलेली आहे: म्युकरची बुरशी रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसते, आत रक्त गोठते, रक्तपुरवठा तुटतो आणि तिथला भाग मरून काळा पडतो.

अॅस्पिरिनचे काय? रिकव्हरीनेच जवळपास १५,००० दाखल रुग्णांत ते तपासले. २८ दिवसांतला मृत्युदर दोन्ही गटांत १७ टक्के. दर हजार रुग्णांमागे गुठळीचे त्रास सहाने कमी झाले आणि मोठे रक्तस्राव सहाने वाढले, म्हणजे एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने काढून घेतले. आणि घरीच असलेल्या सौम्य रुग्णांना अॅस्पिरिन किंवा अॅपिक्साबॅन ही गुठळीप्रतिबंधक गोळी देऊन पाहणारी अमेरिकेतली चाचणी तर २०२१च्या जूनमध्ये मध्येच थांबवावी लागली. कारण औषध न घेणाऱ्यांनाही गुठळ्या जवळपास होतच नव्हत्या. ज्या रुग्णासाठी आपल्याकडे मेडिकलच्या दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या, तो हाच.

फ्लूचा विषय संपलेला नाही

कोव्हिडमुळे हे ठळक दिसले, पण श्वसनाचे इतर विषाणूही यात निर्दोष नाहीत. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात २०१८ साली एक साधा पण हुशार अभ्यास झाला. प्रयोगशाळेत फ्लू सिद्ध झालेल्या माणसांचा त्यांच्याच इतर काळाशी मेळ घातला, तेव्हा फ्लूच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण एरवीच्या सहा पट निघाले. आरएसव्ही या विषाणूने ते साडेतीन पटींच्या आसपास वाढले, श्वसनाच्या इतर विषाणूंनीही वाढले. हृदयाच्या धमनीत आधीच साचलेला थर सुजेने फाटतो आणि त्यावर प्लेटलेट जमतात, ही त्यामागची यंत्रणा. हृदयरोग असलेल्यांना आणि ज्येष्ठांना डॉक्टर दरवर्षी फ्लूची लस घ्यायला सांगतात, त्यात या हिशेबाचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे अजून तो सल्ला या कानाने ऐकून त्या कानाने सोडला जातो.

लस आणि गुठळी हा विषय निघाला की कोव्हिशील्डचे नाव येणारच, तीही पुण्यातच तयार झालेली. अॅस्ट्राझेनेकाच्या या लशीनंतर फार थोड्या लोकांना गुठळ्या झाल्या, हे खरे आहे; २०२१च्या वसंत ऋतूतच ते युरोपात लक्षात आले होते. पण ती यंत्रणा वेगळी. तिथे प्लेटलेट घटक-४ या प्रथिनाविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात, ती प्लेटलेटना चेतवतात. म्हणून गुठळ्या होतात आणि त्याच वेळी प्लेटलेट कमीही होतात. भारत सरकारच्या समितीने २०२१च्या मे महिन्यात दिलेले प्रमाण दर दहा लाख डोसमागे ०.६१ असे होते. हा त्रास लशीनंतरच्या काही आठवड्यांत होतो. त्यामुळे काही वर्षांपूर्वी डोस घेतलेल्यांनी आज डी-डायमर तपासत बसण्यात काहीच अर्थ नाही.

संसर्गानंतरचा धोका मात्र मोजून झालेला आहे. स्वीडनने कोव्हिड झालेल्या दहा लाखांहून अधिक लोकांची तुलना न झालेल्यांशी केली. पहिल्या ३० दिवसांत फुप्फुसातली गुठळी दर लाखामागे सुमारे १७० जणांना झाली. तुलनेच्या गटात चारच जणांना. पट पाहिली तर फरक प्रचंड आहे, पण एक लाखातल्या ९९,८०० हून अधिक लोकांना ती झालेली नाही, हेही त्याच आकड्यात आहे. धोका सर्वाधिक होता तो अतिदक्षता विभागात राहिलेल्यांना. पायातल्या गुठळीचा वाढीव धोका तीन महिने, फुप्फुसातल्या गुठळीचा सहा महिने टिकला. हा अभ्यास मुख्यतः लसीकरणाआधीच्या आणि सुरुवातीच्या काळातला, आणि तिथेही पहिल्या लाटेनंतर धोका उतरत गेल्याचे दिसले.

म्हणून रुग्णालयातून घरी सोडताना प्रत्येकाला गोळी दिली जात नाही. ब्राझीलमध्ये गुठळीचा धोका जास्त असलेल्या ३२० निवडक रुग्णांपैकी निम्म्यांना घरी गेल्यावर ३५ दिवस रिव्हरॉक्सबॅन ही गुठळीप्रतिबंधक गोळी १० मिलिग्रॅम देऊन पाहिली, तेव्हा गोळी न घेणाऱ्यांत नऊ टक्के असलेला त्रास गोळी घेणाऱ्यांत तीन टक्के निघाला. हे निवडक रुग्ण म्हणजे आधी गुठळी झालेले, कर्करोग असलेले, फार काळ खिळून राहिलेले, डी-डायमर वाढलेला आहे असे. आपला रुग्ण त्यात बसतो का, हे डिस्चार्ज कार्ड हातात घेताना डॉक्टरांना विचारावे. गोळी दिलीच, तर ती कधी बंद करायची ती तारीखही लिहून घ्यावी, कारण महिन्याभरासाठी दिलेली गोळी वर्षभर चालू राहिल्याची उदाहरणे कमी नाहीत. आधीपासून अशी गोळी चालू असेल, तर सर्दी-तापात ती परस्पर बंद करू नये. आणि रिटोनाविर असलेले विषाणूरोधक औषध कुणी लिहून दिले, तर आपली गोळी आवर्जून सांगावी. रिटोनाविरमुळे रिव्हरॉक्सबॅन आणि अॅपिक्साबॅन रक्तात जास्त साठतात.

फ्लू, कोव्हिड किंवा न्यूमोनियातून उठलेल्या माणसाची एकच पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि पोटरी चोळू नये. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत टोचले, खोकल्यातून रक्त आले, चक्कर येऊन माणूस पडला, किंवा बोलणे अडखळले, चेहरा वाकडा झाला, तर लॅबच्या रिपोर्टची वाट न पाहता १०८ला फोन करावा.